इनक्यूबेटरमधला तांब्या

३ एप्रिल

डायरी परत सुरू करतेय. राग कुठंतरी ओतायला पाहिजे. घरात ऐकायला कुणी नाही, आणि कॉलेजात जे ऐकतात ते जाऊन आमच्या विभागप्रमुखाला, म्हणजे इंद्रजीतला, सांगतात.

तर नियतकालिकाला पाठवलेल्या लेखाचं उत्तर आलं. परीक्षक म्हणतो, काम चांगलं आहे, पण मुख्य प्रयोग पुन्हा करून आकडे पाठवा. मराठवाड्यातल्या कॉलेजातल्या एका बाईनं हे केलं असेल यावर त्याचा विश्वास बसला नसणार. बसू नये. मला सवय आहे.

प्रयोग तसा साधा आहे. मिलिमीटरभर लांबीचा कृमी, अंगात सगळ्या मिळून तीनशे दोन चेतापेशी. डायॲसिटिल नावाच्या रसायनाचा वास त्याला आवडतो, त्या दिशेनं तो सरपटत जातो. त्याला उपाशी ठेवून दीड तास तोच वास दिला की तो शिकतो, इथं खायला काही नाही, आणि तिकडं जायचं सोडतो. मग चार तास वास बंद करून खायला घातलं की हे शिकलेलं विसरतो आणि पुन्हा जायला लागतो. लोकांना वाटतं विसरणं म्हणजे आठवण आपोआप पुसट होणं. तसं नसतं. विसरायला पेशीला काम करावं लागतं, त्या कामाची वेगळी प्रथिनं असतात. त्यातलं एक आम्ही पकडलं. ते प्रथिन नसलेला कृमी विसरतच नाही, दुसऱ्या दिवशीही वासाकडं पाठ करून बसतो. साधा कृमी विसरतो, हा विसरत नाही, एवढा फरक म्हणजे आमचा लेख. आणि माझी विद्यार्थिनी अरफा, तिची पीएच.डी. पण एवढीच.

हिवाळ्यात सगळं काम तिनंच केलं होतं. म्हणलं, कर परत. म्हणाली, "करते मॅडम, दहा दिवसांत देते." लई विश्वास आहे स्वतःवर.

५ एप्रिल

ऊन आत्ताच बेचाळीसला गेलंय. पित्तानं छातीत जळतंय. डॉक्टर म्हणाला, गोळ्या कमी करा, ताक प्या. घरचं ताक स्टीलच्या तांब्यात नेलं, तोंडाला ओलं फडकं बांधून. आमच्या छोट्या इनक्यूबेटरमध्ये खालच्या कप्प्यात ठेवलं. कृमींसाठी त्यात कायम वीस अंश असतात, त्यामुळं ताक जेवणापर्यंत छान गार राहतं. तीन घोट घेतले आणि जळजळ थांबली. आता रोज नेणार.

विभागाच्या फ्रिजात मी काही ठेवत नाही. एकोणीस वर्षं झाली.

९ एप्रिल

पहिली फेरी फुकट गेली. शिकवलेले साधे कृमी चार तास त्या छोट्या इनक्यूबेटरमध्ये खायला घालून ठेवले होते, त्यांनी विसरायला पाहिजे होतं. विसरले नाहीत. डायॲसिटिलचा थेंब एका कडेला आणि सगळे मठ्ठासारखे दुसऱ्या कडेला. प्रथिन नसलेले कृमी पण तसेच. फरक शून्य.

अरफाला विचारलं, काय घोळ घातलास. म्हणाली, "मॅडम, सगळं हिवाळ्यासारखंच केलं, कसम से." विज्ञानात कसम चालत नाही म्हणून सांगितलं. कृमी ठेवायच्या बशा नीट धुतल्या नसतील. लक्ष नाही पोरीचं, भावाच्या लग्नाची खरेदी चाललीय घरात.

११ एप्रिल

दुसरी फेरी, तेच. आणि आज जे झालं ते लिहूनच ठेवते.

जेवणाच्या आधी प्रयोगशाळेत शिरले तर अरफा इनक्यूबेटरचं दार उघडून उभी. हातात मोजे. मोज्यांच्या दोन बोटांत माझा तांब्या, अंगापासून लांब धरलेला. मला बघून म्हणाली, "मॅडम, हा इथं नको ठेवायला. मी बाहेर ठेवत होते, खिडकीत."

खिडकीत.

मी या विभागात लागले तेव्हा डबा आणि पाण्याची बाटली सगळ्यांसारखी फ्रिजात ठेवायची. तिसऱ्या दिवशी दोन्ही बाहेर, खिडकीच्या कट्ट्यावर, उन्हात. मला वाटलं चुकून. परत आत ठेवलं. दुसऱ्या दिवशी परत खिडकीत. तिसऱ्यांदा डबा उचलताना इंद्रजीत तिथंच वर्तमानपत्र वाचत बसला होता. म्हणाला, "मॅडम, जागा कमी पडते हो." फ्रिज अर्धा रिकामा होता. खोलीत सहा जण होते, एकानंही मान वर केली नाही. गावी पिशोरच्या शाळेत आमच्या वस्तीतल्या पोरांना पाणी वरून ओतायचे, ते मी लहानपणी गिळलं होतं. पण हे कॉलेज होतं, माझ्या नावापुढं डॉक्टर होतं. त्या दिवसापासून मी माझं खाणंपिणं माझ्या खोलीत आणते. हा इनक्यूबेटर माझ्या प्रकल्पातून आलाय. त्यात काय ठेवायचं ते मी ठरवणार.

अरफाला म्हणलं, ठेव तो जागेवर. ती म्हणाली, "मॅडम, ऐका तरी, मी—" मी ऐकलं नाही. म्हणलं, माझ्या भांड्याला परत हात लावलास तर या खोलीत दिसायचं नाही. ती रडली. रडू दे. हिच्याकडून ही अपेक्षा नव्हती. हिच्या घरच्यांना भाड्यानं घर मिळत नव्हतं तेव्हा मीच चार ठिकाणी फोन केले होते.

१४ एप्रिल

जयंती. संध्याकाळी क्रांती चौकात गेले, मिरवणुकीत पाय टाकायला जागा नव्हती. निळे झेंडे, ढोल, कुणीतरी सरबत वाटत होतं. माझ्या ओळखीची लई माणसं भेटली. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं. मग तो तांब्या आठवला आणि जेवण गेलं नाही.

१७ एप्रिल

आज मी स्वतः उभी राहिले. अरफाला बशीला हात लावू दिला नाही. वास दिला मी, मोजले मी. ती भिंतीला टेकून बघत होती. बशा चार तास इनक्यूबेटरमध्ये ठेवल्या, तेवढ्यात जेवले, ताक प्याले, उरलेलं परत आत ठेवलं, थोडं वामकुक्षीसारखं डोळे मिटून बसले. मग चाचणी घेतली. साधे कृमी विसरले नाहीत.

म्हणजे चूक तिच्या हाताची नाही. मग हिवाळ्यात हे विसरले होते कसे? एकच उत्तर आहे. विसरले नव्हतेच. तिनं आकडे बसवले.

चार वर्षं मी हिला शिकवलं. कृमी उचलायची तार कशी वाकवायची इथपासून.

तिला विचारलं. म्हणाली, "मॅडम, मी असं करेन का?" म्हणलं, तू काय करशील हे मला अकरा तारखेला कळलं.

२२ एप्रिल

संशोधनातल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या समितीकडं तक्रार दिली. द्यायच्या आधी नियमाप्रमाणं इंद्रजीतची सही लागते. तो चष्मा काढून म्हणाला, "मॅडम, घाई करू नका. गरमीचे दिवस आहेत, पावसाळ्यात एकदा परत करून बघा. पोरीचं आयुष्य आहे."

पोरीचं आयुष्य. याला आयुष्यं कधीपासून दिसायला लागली? माझी डब्याची तीन दिवसांची दुर्दशा याला दिसली नव्हती. तो थांबा म्हणाला म्हणूनच मी थांबले नाही. सही घेऊनच उठले.

३० एप्रिल

समितीपुढं अरफा फार बोलली नाही. एवढंच म्हणाली की आकडे खरे आहेत, आणि आता तसे का येत नाहीत ते तिला माहीत नाही. माहीत नाही, हे काय उत्तर झालं? नोंदणी स्थगित केली. बाहेर तिचे वडील उभे होते, सिटी चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं. मला नमस्कार केला. मी मान हलवली आणि रिक्षात बसले.

बरोबर केलं मी. खोट्याला खोटं म्हणायला कुणाच्या बापाची भीती नाही. तरी छातीत जळतंय. उद्या ताक जास्त न्यावं लागेल.

२१ मे

अरफाचे फोन येतायत. काल तीनदा, आज परत. उचलत नाही. माफी मागायची असेल तर समितीला लिहावं.

२३ जून

हवा गार झाली. ताकानं घसा धरला म्हणून बंद केलं. पित्तही कमी आहे. नवीन मुलगा आलाय, अतुल, वैजापूरकडचा. हळू आहे पण सांगितलेलं ऐकतो. मध्ये तोंड घालत नाही.

१९ जुलै

आज अतुलनं तोच प्रयोग केला. साधे कृमी चार तासांत विसरले. सरळ थेंबाकडं गेले. प्रथिन नसलेले विसरले नाहीत. आकडे हिवाळ्यातल्या आकड्यांशी जुळतात, जवळजवळ तंतोतंत. तीनदा करायला लावलं. तिन्ही वेळा तेच.

म्हणजे अरफाचे हिवाळ्यातले आकडे खरे होते.

मग एप्रिलमध्ये काय झालं? दोन तास विचार केला. मुद्दाम बिघडवलं असणार. अकरा तारखेला मी रागावले त्याचा सूड. नऊ तारखेची फेरी त्याच्या आधीची होती हे मला आत्ता लिहिताना दिसलं. असेल, आधीपासूनच तिच्या मनात काही असेल. सतरा तारखेला मी स्वतः केलं होतं, पण बशांतला अगार, कृमी ज्या जेलीवर ठेवतात तो, तिनं ओतलेला होता. त्यातच काहीतरी घातलं असेल.

समितीला कळवलं नाही. काय कळवू? आकडे बसवले नाहीत, बिघडवले, असं? लोक हसतील.

११ ऑगस्ट

लेख परत पाठवला, अतुलच्या आकड्यांसकट. अरफाचं नाव काढलं. काम तिनं बिघडवलं, मग नाव कशाला? एकदा मला वाटलं की ठेवावं. मग वाटलं, माझं नाव दोन लेखांतून असंच गेलं होतं, मी मेले नाही.

लेख स्वीकारला गेला तर निवृत्तीआधी हातात एक तरी धड काम असेल. इंद्रजीतच्या तोंडावर मारीन.

७ ऑक्टोबर

ऑक्टोबर तापलाय. पित्तानं परत डोकं वर काढलं. ताक सुरू केलं.

१० ऑक्टोबर

अतुलनं पुढचा प्रयोग लावला. साधे कृमी विसरले नाहीत.

मी एवढी ओरडले की शेजारच्या वर्गातला शिक्षक बघायला आला. तुला जुलैत जमलं, आता काय धाड भरली? अतुल खाली बघत म्हणाला, "मॅडम, माझं काय चुकलं असंल तर सांगा. पण अरफा मॅडमसारखं समितीकडं नका पाठवू. घरी लई अवघड होईल."

मी पाठवणार नव्हते. खरं म्हणजे डोक्यात ते येऊन गेलं होतं. या खोलीत आता अरफा नाही, तिनं ओतलेला अगार नाही, तिच्या हातचं काहीच नाही. मग बिघडवलं कुणी?

१३ ऑक्टोबर

जेवायच्या आधी इनक्यूबेटर उघडला. तांब्यावरचं फडकं सोडलं. अतुल माझ्या मागं टेबलाशी होता. नाकात डायॲसिटिलचा वास आला, ओळखीचा, तीस वर्षं हुंगलेला. मी वळून न बघता म्हणलं, अरे, झाकण लाव बाटलीला.

तो म्हणाला, "मॅडम, बाटली अजून कपाटातून काढलीच नाय."

मी तांब्या हातात घेऊन उभी राहिले. ताकाला जो लोण्याचा वास येतो तो डायॲसिटिलचाच. हे मी दर वर्षी पहिल्या तासाला पोरांना सांगते. हसतात पोरं, मॅडमला भूक लागली म्हणून. मीच शिकवते हे.

कृमी विसरणार कसे? वास बंदच झाला नव्हता. चार तास त्यांच्या बाजूला मी तो ठेवत होते, ओल्या फडक्याखाली, आणि वरून विचारत होते की अजून विसरत का नाहीत. हिवाळ्यात ताक नव्हतं. पावसाळ्यात नव्हतं. अकरा एप्रिलला ती पोर तोच तांब्या बाहेर काढत होती. रसायनं हाताळताना मोजे घालायचे हे तिला मीच बजावलं होतं.

ताक बेसिनमध्ये ओतलं. अतुलला म्हणलं, दोन फेऱ्या लाव, एक रिकाम्या इनक्यूबेटरमध्ये, एक ताक ठेवून. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं.

१५ ऑक्टोबर

ताक असलेले विसरले नाहीत. ताक नसलेले विसरले. आणखी काही लिहायला नाही.

समितीला सगळं लिहून दिलं. नियतकालिकालाही लिहिलं, अरफाचं नाव पहिलं टाका, आणि का काढलं होतं तेही सांगितलं. मग रिक्षा करून रोशन गेटला गेले.

तिच्या आईनं, शकीलाबाईनं, दार उघडलं. मला बघून आत आवाज दिला, "अरफा, तेरी मॅडम आयी." मला खुर्ची दिली, पाणी दिलं. हसली नाही.

अरफा बाहेर आली आणि उभीच राहिली. मी सांगितलं सगळं. ताक, बशा, जुलैचे आकडे, जुलैत मी गप्प बसले ते पण. तिनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला कधी कळलं?"

"परवा."

"मला मे महिन्यात कळलं. अकरा तारखेला तर मी नुसतं नियम म्हणून बोलले होते, खायचं आत ठेवू नये म्हणून. मग घरी अम्मीनं दह्याचं पातेलं उघडलं आणि मी तिथंच खाली बसले. तुम्हाला फोन केले. प्रयोग करून दाखवल्याशिवाय समितीनं मानलं नसतं, आणि प्रयोग तुमच्याच खोलीत होणार."

"मी उचलले नाहीत."

"हां," ती म्हणाली.

मग मी तिला फ्रिजचं सांगितलं. खिडकीतला डबा, सहा माणसं, इंद्रजीत. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, सख्ख्या भावाला पण नाही. सांगताना माझा आवाज चढत गेला, शकीलाबाई स्वयंपाकघरातून येऊन दारात थांबली. अरफानं मध्ये एकदाही तोडलं नाही.

शेवटी म्हणाली, "मॅडम, तुमच्यासोबत जे झालं ते लई वाईट झालं. ते तुम्ही कधीच विसरू नका. पण मी तेव्हा तिसरीत होते."

म्हणलं, नोंदणी परत मिळेल, महिन्याभरात प्रबंध देऊ. ती म्हणाली, "देणार आहे. पण गाईड बदलतेय. नोंदणी सुटली तर घेतो, असं इंद्रजीत सर आधीच म्हणालेत."

माझ्या अंगाची लाही झाली. म्हणलं, त्या माणसाकडं जाणार? मी आत्ता सांगितलं ते ऐकलंस ना?

"ऐकलं, मॅडम. आधी माहीत असतं तर त्यांना विचारलं नसतं कदाचित. पण ते तुम्हाला थांबा म्हणाले होते, कळलं होतं मला. तुम्ही नाय थांबला."

उठले. शकीलाबाईनं जिन्यापर्यंत येऊन दिवा लावला. पाण्याचा पेला मी अर्धाच प्याले होते.

१८ नोव्हेंबर

नोंदणी परत मिळाली. आज अरफा विभागात येणार हे मला माहीत होतं.

सकाळी मी तांब्या घेऊन सरळ विभागाच्या खोलीत गेले. घशाचं काय व्हायचं ते होऊ दे. एकोणीस वर्षांनी त्या फ्रिजचं दार उघडलं. फ्रिज तोच आहे, फक्त दाराचा रबर बदललाय. वरच्या कप्प्यात मधोमध तांब्या ठेवला. इंद्रजीत वर्तमानपत्र वाचत होता. विचारलं, "सर, जागा कमी पडत नाही ना?"

त्यानं वर बघितलं. "नाही मॅडम, आहे की जागा."

"तेव्हाही होती," मी म्हणलं. त्याचे कान लाल झाले. मला बरं वाटलं. खरं लिहायचं तर फार बरं वाटलं. म्हणलं, आता बघू कोण हलवतंय. तिथंच खुर्ची ओढून पेपर तपासत बसले.

अकराच्या सुमाराला अरफा आली. मला बघून नमस्कार केला, "मॅडम, सलाम." हातात प्रबंधाचे कागद आणि डबा. इंद्रजीतशी बोलायच्या आधी डबा ठेवायला फ्रिज उघडला. समोर माझा तांब्या, मधोमध. कडेला कुणाच्या तरी पिशव्या. डबा बसायला तांब्या बोटभर सरकवायला लागला असता.

तिचा हात पुढं गेला आणि थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. दार लावलं, खिडकीपाशी गेली आणि डबा कट्ट्यावर ठेवला, उन्हात, माझा असायचा अगदी त्याच जागी.

मी उठले. फ्रिज उघडून तांब्या स्वतः कडेला सरकवला. म्हणलं, "अरफा, जागा आहे. ठेव आत."

ती कागद लावत होती. मान वर न करता, अगदी अदबीनं म्हणाली, "राहू द्या मॅडम. खिडकीत ठीक आहे."

मी फ्रिजचं दार धरून तशीच उभी होते. इंद्रजीतनं वर्तमानपत्राचं पान उलटलं. डबा जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथंच होता.